आईने स्टील देऊन साड्या घेतल्या

दुधाच्या पिशव्यांपासूनच सुरुवात करते, कारण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात तिथूनच व्हायची. लखनौच्या आलमबागला एका पंजाबी कुटुंबाच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. जिना चढून आलं की गच्ची, गच्चीवर दोरी, आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या, धुतलेल्या, उलट्या केलेल्या दुधाच्या पिशव्या. फडफड फडफड. माझ्या मैत्रिणी आल्या की मी धावत पुढे जाऊन गच्चीच्या दारात अशी उभी राहायचे, जणू मागे कुणीतरी अंघोळ करतंय. "आई, यार, लोग क्या सोचेंगे!" मी हिंदीतच बोलायचे. आई मराठीत विचारणार, मी हिंदीत उत्तर देणार, ही आमच्या घरची रीतच झाली होती. आई म्हणायची, "लोकांना विचार करायला काहीतरी हवंच की. करू दे." पिशवीचा कोपरा कापतानासुद्धा तो तुकडा सुटा होऊ द्यायचा नाही, जरासा चिकटलेला ठेवायचा, असा तिचा नियम. सुटला की तो नालीत जातो. आणि नालीत गेला की आईच्या मते तो आपल्याच नावाने तिथे पडून राहतो.

आमच्याकडे वस्तू मरायच्याच नाहीत हो, नुसते पुढचे पुढचे जन्म घ्यायच्या. बाबांच्या शर्टची कॉलर विरली की आई ती उसवून उलटी लावायची. मग तो शर्ट बँकेतून निवृत्त होऊन घरी यायचा, मग उशीचा अभ्रा व्हायचा, मग फडकं, मग पोछा, आणि पोछ्याचेही धागे निघाले की ते कुंडीच्या तळाच्या भोकावर. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कूलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की दाणे सोलून झाल्यावर आई सालांचा आतला पापुद्रा ओढून काढत बसायची आणि त्या सालांची भाजी करायची. खसखस, लसूण, वरून ओलं खोबरं मिळालं तर. खालच्या बीजी, आमच्या घरमालकीण, एकदा वर आल्या आणि ते बघून घाबरून म्हणाल्या, "बेटा, पापा की तनख्वाह नहीं आई क्या?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भाजी मात्र बीजींनी दोनदा वाढून घेतली, हेही सांगायला हवं.

आणि बाहेर काय चाललं होतं? बाहेर लखनौला पन्नीचं वेड लागलं होतं. पन्नी म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पिशवी, तिकडे सगळे पन्नीच म्हणतात. दही पन्नीत, चटणी पन्नीत, उकळता चहासुद्धा पन्नीत, वर दोरा बांधून! इतकी वर्षं मातीच्या कुल्हडातून चहा पिणारं ते शहर, स्वतःच्या तहजीबबद्दल दिवसभर बोलणारं, आणि त्याला उकळत्या चहाची पन्नी बोटाला लटकवून चालताना जराही लाज वाटत नव्हती. अमीनाबादच्या बाजारात साधा रुमाल घेतला तरी पन्नी. भाजीवाला आईला म्हणायचा, "ले लीजिए बहन जी, फ़्री की है." आई तिच्या साताऱ्याच्या हिंदीत उत्तर द्यायची, "फुकट का है इसलिए तो नको." आणि कापडी पिशवी त्याच्या तराजूसमोर अशी उघडून धरायची की भाजीवाल्याला पर्याय नसायचा.

परवा आमच्या सोसायटीत एक बाई ‘शाश्वत जगणं’ शिकवायला आल्या होत्या. प्रत्येकीला कापडी पिशवी भेट दिली. ती पिशवी प्लॅस्टिकच्या वेष्टनात! आत बांबूचा टूथब्रश, तोही वेष्टनात! मी हसायला लागले ते थांबेचना, शेजारणीने मला कोपराने ढोसलं. पण मी त्या बाईंना हसत नव्हतेच. मला सबनीसकाकू आठवल्या होत्या.

सबनीसकाकू म्हणजे लखनौतल्या आमच्या मराठी महिला मंडळाच्या अध्यक्ष. अध्यक्ष त्या का होत्या, तर त्यांचा महानगर नावाच्या बड्या वस्तीत बंगला होता, बंगल्याला लॉन होतं आणि साहेब एका सरकारी कंपनीत मोठे होते. बाकी बायका म्हणजे कुणी बँकवाल्यांच्या, कुणी छावणीतल्या फौजींच्या, सगळ्या बदलीवर आलेल्या. महिन्यातून एक दुपार त्या बंगल्यावर जमायच्या. मला तिथे कंटाळा यायचा, पण आई त्या दुपारसाठी जगायची. खरंच जगायची, उगाच म्हणत नाही. बाबा बँकेत, मी शाळेत आणि शाळेतून आले तरी हिंदीत. आईच्या तोंडात आख्खा दिवस मराठी साठून राहायची. ती कढीपत्त्याशी बोलायची, मी ऐकलंय. आणि मग ती दुपार आली की टेम्पोत, म्हणजे तिकडच्या मोठ्या शेअर रिक्षात, बसल्यापासून तिचा चेहरा बदलायचा. चारबाग स्टेशन गेलं, सायकलरिक्षा घेतली, की ती मनात काय काय सांगायचं त्याची उजळणी करत ओठ हलवायची. तिथे पोचली की चार तास थांबायची नाही. त्या शहरात आईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या पावसाळ्यात वरच्या जिल्ह्यांत पूर आला. तिकडे तो येतोच. सबनीसकाकूंनी गणपतीत जाहीर केलं, पूरग्रस्त भगिनींसाठी प्रत्येकीने साड्या द्यायच्या, काकू स्वतः ट्रकने पाठवणार. सगळ्यांनी दिल्या. बहुतेकींनी कपाटातल्या नकोशा काढल्या, डाग पडलेल्या, काठ उसवलेल्या. आईने तिची हिरवी दिली, मोहरी काठाची, तिच्या आईने दिलेली. मी म्हटलं, "ये वाली क्यों? पुरानी दे दो ना." आई म्हणाली, "जिचं घर वाहून गेलंय तिला चिंधी द्यायची? नेसावंसं वाटेल असं काहीतरी द्यावं." काकूंनी साड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला.

नंतर थंडी आली, धुकं आलं, आणि संक्रांत जवळ आली. आता आमच्या मंडळातली हळदीकुंकवाची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाकडे कसं, बायका एकमेकींच्या घरी जातात, हळदीकुंकू, तिळगूळ आणि हातात एक वाण, म्हणजे छोटीशी वस्तू. लखनौएवढ्या पसरलेल्या शहरात घरोघर कोण जाणार? म्हणून आमच्याकडे सगळ्याजणी एकाच दुपारी सबनीसकाकूंकडे आपापलं वाण घेऊन यायच्या आणि तिथेच लुटायच्या. म्हणजे जितक्या बायका तितक्या वस्तू घेऊन प्रत्येकजण घरी. आणि त्या वस्तू काय? प्लॅस्टिक! साबणाच्या डब्या, चाळण्या, चमचे, तळहाताएवढ्या टोपल्या ज्यांत लिंबूसुद्धा नीट बसणार नाही. आमच्या घरी एका डब्यात नुसत्या साबणाच्या डब्या होत्या. गुलाबी, पोपटी, झाकण न लागणाऱ्या. बाबा म्हणायचे, "आपण आता एकतर साबणाचं दुकान काढू, नाहीतर कुणीतरी संन्यास घेऊ."

तर त्या वर्षी काकूंनी कुठेतरी भाषण ऐकलं होतं. त्यांनी जाहीर केलं, "यंदाचं वाण पर्यावरणाचं! आपणच सुरुवात केली पाहिजे बरं का. घरातून, छोट्या छोट्या गोष्टींतून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या, आणि बिचारीने ते खरं मानलं. परत येताना टेम्पोत म्हणाली, "बघ. मी पिशव्या वाळत घालते तर तुला लाज वाटते. आता सबनीसबाईच म्हणतायत."

त्यानंतर काही दिवसांनी मी शाळेतून आले तर जिन्यात रामकलीचा आवाज. रामकली आमची भांडेवाली. डोक्यावर टोपलीत स्टीलची भांडी आणि काखोटीला गाठोडं, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. सगळं लखनौ पायी पालथं घालायची. मी वर गेले आणि बघतच राहिले. टोपली भरत होती आणि गाठोडं रिकामं होत होतं! आई आमची भांडी तिला देत होती. लग्नात आलेली, नावं कोरलेली, माळ्यावर पडून असलेली पातेली, गडवे, डबे. आणि तिच्या गाठोड्यातल्या साड्या काढून घेत होती.

"बहू जी," रामकली पदर तोंडाला लावून हसत होती, "उमर निकल गई बर्तन देते-देते. आज तक किसी ने हमको बर्तन नहीं दिया. उल्टी गंगा बहा रही हैं आप."

"बहने दो," आई म्हणाली. हसली नाही. चेहरा असा घट्ट, ओठ दाबलेले. मला वाटलं, भांड्यांचं वाईट वाटतंय.

संध्याकाळी बाबांनी माळा बघितला. "अगं, माझ्या आत्याचं पातेलं?"

"गेलं."

"त्यावर तिचं नाव होतं गं."

"आता एखाद्या लखनवी घरात खीर शिजेल त्यात. आत्यांचं नाव होईल."

मग आमच्या घरी मशीन धडधडायला लागलं. आईने साड्या उकळत्या पाण्यात काढल्या, गच्चीवर दुधाच्या पिशव्यांच्या शेजारी वाळवल्या, इस्त्री केल्या आणि पिशव्या शिवायला घेतल्या. दुहेरी कापड, तळाला जाड पट्टी, तोंडाशी बटण. घडी घातली की मुठीत मावायची, उघडली की पाच किलो बटाटे. प्रत्येक पिशवी वेगळी, डाळिंबी, जांभळी, कुठे ठिपके, कुठे चौकडा. बंद तेवढे सगळ्यांचे एकाच हिरव्या कापडाचे, चारपदरी शिवलेले. मी अभ्यास करत करत कुरकुरले, "आई, सब हँसेंगे. पुराने कपड़े का वाण कौन देता है?" खरंच, सवाष्णीला नेसलेलं कापड द्यायचं नसतं, एवढं मलाही माहीत होतं. आई धागा दाताने तोडत म्हणाली, "पर्यावरण म्हणाल्यात ना? मग."

संक्रांतीच्या त्या दुपारी महानगरला लॉनवर ऊन होतं, खुर्च्या मांडल्या होत्या, अत्तर, गुलाबपाणी, तिळाच्या वड्या, सगळं साग्रसंगीत. सबनीसकाकूंनी स्वतःचं वाण आधी लुटलं. ऐका हं. प्लॅस्टिकचं फूल. प्लॅस्टिकच्या कुंडीत. पन्नीत बांधून. "झाड तोडायला नको, पाणी घालायला नको," काकू प्रत्येकीला सांगत होत्या, "कायमची हिरवळ!" आणि बायका म्हणत होत्या, अय्या, किती छान कल्पना! मी आजही बाजारात तसलं फूल पाहिलं की मला ‘कायमची हिरवळ’ ऐकू येतं, आणि खरंच आहे की, ते फूल अजून असणार कुठेतरी, कुठल्यातरी नालीत, काकूंच्या नावाने.

मग खायला आलं. काकू म्हणाल्या, "दरवर्षी थर्माकोलच्या बशा आणतो ना आपण? यंदा म्हटलं, छे, पर्यावरण! आख्खा स्टीलचा सेट घेतला मंडळासाठी." नव्या कोऱ्या, चकचकीत ताटल्या, वाट्या, चमचे. पुन्हा टाळ्या.

मग आईची पाळी आली. तिने हळदीकुंकू लावून पहिली पिशवी काकूंच्याच हातात दिली. काकूंनी ती दोन बोटांत धरली. "हे काय गं? साडीचं?"

"हो. जुन्या साडीचं."

कुणीतरी कुजबुजलं, "सवाष्णीला नेसलेलं?" दुसरी म्हणाली, "बाई बाई, संक्रांतीच्या दिवशी!" काकू हसल्या, त्या जशा हसायच्या, मान तिरकी करून. "पर्यावरण म्हणजे काय चिंध्या वाटायच्या का गं? भावना पोचली हो तुझी. पण आपल्याकडे शास्त्र असतं."

आई म्हणाली, "बाळाला पहिलं अंगडं कशाचं शिवतात? जुन्याचंच ना? तेव्हा शास्त्र कुठे जातं?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पुढच्या बाईकडे गेली, तिच्या पुढच्या बाईकडे गेली. आणि मग घोरपडेवहिनींपाशी आली. घोरपडेवहिनी छावणीतल्या, कोल्हापूरच्या, आवाज असा की परेडवर उपयोगी पडावा. त्यांनी डाळिंबी पिशवी घेतली, उलटीसुलटी केली, आणि बोट एका जागी थांबलं.

"अगं, थांबा की जरा. ही माझी साडी."

"अय्या, सारख्या साड्या असतात गं," काकू पटकन म्हणाल्या.

"असतात की. आणि इस्त्रीचा डाग बी सारखाच असतोय? तिकोनी? हा आमच्या ऑर्डर्लीनं पाडलाय, त्याच्याशी मी दोन दिवस बोलत नव्हते. ही मी गणपतीत दिली होती. पुराला."

मग जी काय धांदल उडाली! सगळ्याजणी आपापल्या पिशव्या उलट्या करून बघायला लागल्या. "हा जांभळा काठ माझा." "हे रफू माझ्या सासूबाईंच्या हातचं." "अगं, ही तर माझी डोहाळजेवणाची!" ज्या साड्या या बायकांना कपाटात नको होत्या, त्या आता अशा हृदयाशी धरत होत्या जणू हरवलेलं मूल सापडलं. आणि घोरपडेवहिनींनी हातातली पिशवी बघितली. मग हातातली नवी स्टीलची ताटली बघितली. मग पुन्हा पिशवी. साडी दिली की स्टील मिळतं, हा व्यवहार तिथल्या प्रत्येकीच्या दारात चालायचा. एकेक करून सगळ्यांची नजर ताटल्यांवर गेली. चमच्यांचा आवाज थांबला.

काकूंचा चेहरा लाल, मग पांढरा. आणि मग, काय बाई होती, म्हणाल्या, "ट्रकवाल्यांनी विकल्या असणार मेल्यांनी! आजकाल कुणाचा भरवसा नाही."

आता तुम्हाला वाटेल, कुणीतरी उठलं असेल. ताटली आपटली असेल. छे! एकजण म्हणाली, "हो ना, ट्रकवाले तसलेच." दुसरी म्हणाली, "गरिबाच्या तोंडचा घास काढतात हो." आणि सगळ्या पुन्हा खायला लागल्या. त्याच ताटल्यांत! बंगला काकूंचा, लॉन काकूंचं, साहेब काकूंचे, आणि पुढच्या महिन्यातली दुपारही काकूंचीच. पुरात वाहून गेलेल्या बायकांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पण पिशव्या? एकीनेही परत दिली नाही. नेसलेलं कापड, सवाष्ण, शास्त्र, सगळं विसरून घडी घालून पर्समध्ये. आणि जाताना ज्यांच्या खुर्च्यांखाली काकूंची कायमची हिरवळ मागेच राहिली, त्यांची गणती नको.

पुढच्या महिन्यात आम्हाला बोलावणं आलं नाही. खालच्या बीजींकडे फोन यायचा तो आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आई बीजींना विचारायची, "हमारा कुछ आया था?" आणि बीजी मान हलवायच्या. गुढीपाडव्याला मंडळाचं जेवण असायचं, आईने त्याही दिवशी इस्त्रीची साडी नेसून दुपारपर्यंत वाट पाहिली, मग साडी बदलून गच्चीवर दुधाच्या पिशव्या वाळत घातल्या. बाबा म्हणाले, "कशाला ते करायला गेलीस? साबणाच्या डब्या वाटल्या असत्यास तर?" आई कढीपत्त्याशीसुद्धा बोलेनाशी झाली होती. मी मुद्दाम एकदा मराठीत म्हटलं, "आई, भाजी मस्त झालीये." ती इतकी दचकली की मलाच कसंतरी झालं.

आणि मग एका दुपारी, लू, म्हणजे तिकडचे उन्हाळ्यातले झळांचे वारे, सुरू व्हायच्या जरा आधी, जिन्यातून तो परेडचा आवाज आला. "आहे का गं कुणी? का पिशव्याच राहतात हितं?"

घोरपडेवहिनी धापा टाकत वर आल्या. हातात डाळिंबी पिशवी, आत भलं मोठं खरबूज, आणि पिशवीचा एक बंद सुटलेला. "शिवून दे," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "चूक तुझी नाही, खरबुजाची आहे. छावणीत मी पन्नी बंद केलीय, माहितीय? भाजीवाल्याला सांगितलं, पन्नी दिलीस तर गेटातनं आत सोडणार नाही."

आईने सुई काढली. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या, मग पिशवीच्या सुटलेल्या बंदाकडे, हिरव्या.

"सगळ्यांच्या ओळखल्या आम्ही. हा हिरवा कुणाचा गं? कुणीच म्हणालं नाही माझा म्हणून."

आईने मान वर केली नाही. "माझा. मीही दिली होती की, पुराला."

तेव्हा मला दिसलं. मोहरी काठाचा एक धागा त्या शिवणीत अजून होता. रामकलीच्या गाठोड्यात आईने आधी स्वतःची साडी पाहिली होती. त्या घट्ट ओठांनी तिने भांडी काढून दिली होती, ती सगळं समजून. पर्यावरणाचं वाण वगैरे नंतर. मंडळाची ती एकुलती एक दुपार आपण गमावणार, हेही तिला टेम्पोत बसतानाच माहीत असणार.

वहिनींनाही तेवढ्यातच कळलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ठाऊक असून गेलीस तू त्या लॉनवर?"

आईने बंद ओढून बघितला, पक्का झाला होता. "चहात साखर किती घेता?" तिने विचारलं.

"तीन," वहिनी म्हणाल्या. "आणि गाडी रात्री न्यायला येणाराय. बोल आता."

आईने गॅसवर आधण ठेवलं, आणि बोलायला लागली.